चार इंच

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो. माझ्या उंचीबद्दल मला कुणी काही विचारू नये असं वाटतं, पण माझी गोष्टच उंचीची आहे, तेव्हा टाळून चालायचं नाही. सांगताना माझी नजर खाली असेल. गाडीला कुठली आली नजर, असं म्हणू नका; दिवे असतात की! माझा डावा दिवा स्क्रू ढिला झाल्यामुळे जरा जमिनीकडेच बघतो. आज उजवाही तिकडेच बघतोय असं समजा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कुणी पत्रा ठोकला, कुणी रंग दिला, कुणी चाकांत हवा भरली आणि शेवटी एका माणसानं माझ्या बॉनेटवर थाप मारून मला बाहेर काढलं. तिथून मी थेट रस्ते बांधणाऱ्या एका खात्यात रुजू झाले. उन्हातान्हात, चिखलात, खडीच्या ढिगांवरून मी साहेबांना फिरवलं. त्यांनीही माझं कौतुक केलं, पण नव्या गाड्या आल्या तेव्हा कौतुक त्यांच्याकडे गेलं आणि मी आवाराच्या कोपऱ्यात गेले. माझ्या बॉनेटखाली उंदरांनी संसार थाटला. त्यांची नातवंडं खेळायला लागली तेव्हा मला बाबांनी बाहेर काढलं.

बाबा म्हणजे आयुष्यभर मालट्रक चालवलेला माणूस. त्यांची एकुलती एक मुलगी गुरांची डॉक्टर झाली होती आणि डोंगरातल्या वस्त्यांवर जायला तिला दणकट गाडी हवी होती. बाबांनी मला घरी आणलं, उंदरांना निरोप दिला आणि माझं इंजिन स्वतःच्या हातांनी खोलून पुन्हा बसवलं. त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट वाकडं आहे. तरुणपणी ट्रक चालू करताना लोखंडी हँडल उलटं फिरलं आणि बोट कामातून गेलं. त्या वाकड्या बोटानंच ते माझे नटबोल्ट घट्ट आहेत का ते चाचपून बघायचे. एवढ्या मायेनं मला पूर्वी कुणी हात लावला नव्हता.

मुलीला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. बाबा मात्र तिला चिमी म्हणत, अगदी चारचौघांतसुद्धा, आणि ती डोळे मोठे करायची. ती गाडी चालवायची आणि बाबा शेजारी बसायचे. आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरबरोबर तिच्या वडलांचं काय काम? काम होतं, आणि चांगलं दोन माणसांचं होतं.

एक काम फाटकांचं. डोंगरात कुरणं लागतात आणि गुरं बाहेर पडू नयेत म्हणून प्रत्येक कुरणाला फाटक असतं. फाटक उघडायचं, गाडी आत घ्यायची, फाटक पुन्हा लावायचं. तिकडचा रिवाज असा की चालवणारा जागचा हलत नाही. जो शेजारी बसतो तो फाटक उघडतो. बाबा उतरायचे, फाटक उघडून टाचा जुळवून मला कडक सलाम ठोकायचे, मी ऐटीत आत जायची, मग फाटक लावून, कडी दोनदा हलवून बघून ते परत येऊन बसायचे. साहेब माझ्यात बसायचे तेव्हाही मला कुणी सलाम केला नव्हता.

दुसरं काम माणसांचं. गाय अडली की डॉक्टरीणबाई गाईला सांभाळायच्या आणि बाबा गाईच्या मालकाला. त्याला बाजूला न्यायचे, कुंपणाशी बसवायचे, ट्रकच्या काळातल्या खऱ्याखोट्या हकिकती सांगायचे. गाय सुटली तर बाबा त्याच्या पाठीत धपाटा घालायचे आणि गाय गेली तर तो उठेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहायचे. डॉक्टरीणबाईंना याचं कधी काही वाटलं नाही, कारण ते आपोआप होत होतं.

आता ओढ्याची गोष्ट. वस्त्यांच्या वाटेवर एक ओढा आडवा येतो. त्यावर पूल नाही, पाण्यातूनच जावं लागतं. एकदा वर डोंगरात पाऊस झाला होता आणि पलीकडे एक गाय अडली होती. आम्ही घाईनं पाण्यात उतरलो. मधोमध गेल्यावर माझ्या इंजिनात पाणी शिरलं आणि मी आचका देऊन बंद पडले. ट्रॅक्टरनं ओढून काढेपर्यंत पलीकडची गाय गेली होती. डॉक्टरीणबाई स्टिअरिंगवर डोकं टेकून रडल्या. बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी नखशिखांत भिजलेली, तोंड चुकवायलाही मला जागा नव्हती.

त्या दिवसापासून घरात एकच विषय सुरू झाला, गाडी उंच करायची. त्यासाठी लिफ्ट किट नावाचं सामान मिळतं. चाकांच्या वर जे पोलादी पाटे असतात, ज्यांच्यावर माझं सगळं अंग तोललेलं असतं, ते काढून जास्त बाक असलेले पाटे घालायचे, त्यांच्या जोडीला लांब शॉकॲब्सॉर्बर, की गाडी वर उचलली जाते. डॉक्टरीणबाई रोज संध्याकाळी पायरीवर बसून मोबाईलवर चित्रं बघायच्या आणि बाबांना दाखवायच्या. कुणी म्हणे दोन इंच पुरे, कुणी म्हणे चारशिवाय मजा नाही. मजा कुणाला हवी होती? त्यांना गाय वाचवायची होती.

शेवटी आम्ही तिघं मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्रीला उंच गाड्यांचं भारी वेड. त्याच्या गॅरेजात चार इंच उचललेली एक गाडी उभी होती आणि तिच्याभोवती तो नवरदेवाचा मामा असल्यासारखा मिरवत होता. त्यानं तीन प्रकार सांगितले. पाटे तेच ठेवून खाली नुसते ठोकळे घालायचे, ते स्वस्त, पण गाडी धक्के खाते. दुसरं दोन इंचांचं किट. तिसरं चार इंचांचं, त्याला ब्रेकच्या नळ्याही लांब घालायच्या आणि चाकंही मोठी.

"पण आधी मला सांगा मॅडम," तो म्हणाला, "गाडीत कायम काय काय असतं? सगळं वजन धरून सांगा. पाटे हलके घालायचे की भारी, ते त्यावर ठरतं."

डॉक्टरीणबाई बोटांवर मोजत सांगू लागल्या. औषधांची पेटी, लसींचा गार डबा, दोरखंड, वासरू ओढायच्या साखळ्या, पाण्याचे कॅन, फावडं, जास्तीचं चाक. "आणि मी," त्या शेवटी म्हणाल्या, "पण माझं वजन विचारू नका."

मिस्त्री खो खो हसला. त्याच्या मागे बाबा चहाचा ग्लास हातात धरून उभे होते. तेही हसले, पण जरा उशिरानं हसले.

मित्रांनो, मी बाबांकडेच बघत होते. मिस्त्री आकडेमोड करत होता तेव्हा ते हळूच त्या उंच गाडीजवळ गेले. त्यांचा उजवा खुबा बऱ्याच वर्षांपूर्वी मोडला होता. तेव्हापासून तो पाय ठरावीक उंचीच्या वर जात नाही. त्यांनी त्या गाडीच्या दाराला हात लावला, पाय जरासा उचलला आणि परत खाली ठेवला.

"बाबा, दोन घेऊ की चार?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चारच घे, चिमे," बाबा म्हणाले. "परत पाण्यात अडकायला नको."

मी चार इंच उंच झाले, वर मोठ्या चाकांची उंची वेगळीच. खोटं कशाला बोलू? मला ते फार आवडलं. रस्त्यावरची माणसं मान वळवून बघायची. ओढ्यात पाणी चढलेलं असतानासुद्धा मी डुलत डुलत पलीकडे जायची. वळणावर मी थोडी जास्त कलायची, पण रुबाबापुढे तेवढं चालतं असं मला वाटायचं. आज आठवलं की अंगावर शहारे येतात.

पहिल्याच फेरीला बाबा फाटकाशी उतरले, खरं तर घसरतच उतरले. फाटक उघडलं, सलाम ठोकला, फाटक लावलं आणि दाराशी आले. आत चढता येईना. त्यांनी दाराला धरून पाहिलं, सीटला धरून पाहिलं. पलीकडे एक शेळी तडफडत होती आणि डॉक्टरीणबाईंचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं.

"तू हो पुढे," बाबा म्हणाले. "मी येतो चालत. पाय मोकळे होतील."

त्यांना ते खरं वाटलं आणि त्या गेल्या. पुढच्या वेळी बाबांना त्यांनी दोन्ही हातांनी वर ढकललं आणि फाटकाशी म्हणाल्या, "तुम्ही बसा, बाबा. मीच उतरते." त्या मायेनंच म्हणाल्या, पण त्यांनी फाटक उघडलं तेव्हा बाबा मांडीवर हात ठेवून समोर बघत बसले होते. मग मिस्त्रीकडून एक लोखंडी पायरी जोडून घेतली. ती ओढ्यातल्या खडकावर आपटून पहिल्याच आठवड्यात तुटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक स्टूल घेऊ, त्याला दोरी बांधू, चढलात की वर ओढून घ्या.

"मी काय विहिरीचं पाणी काढायला बसलोय?" बाबा हसून म्हणाले, आणि विषय तिथेच राहिला.

त्यानंतर बाबांना रोज काही ना काही काम निघू लागलं. आज नळ गळतोय, उद्या झोप झाली नाही, परवा कुणीतरी भेटायला येणार आहे. डॉक्टरीणबाईंना वाटलं, वय झालं, कंटाळले असतील. माझी डावी सीट रिकामी राहू लागली आणि तिच्यावर औषधांची पेटी बसू लागली.

एकदा पलीकडच्या वस्तीवरच्या गाईवाल्या बाईंची म्हातारी गाय आजारी पडली. ओढ्याला पाणी होतं, तरी मी डॉक्टरीणबाईंना वेळेत पोचवलं. गाय मात्र वाचली नाही, तिचा आजारच तसा होता. डॉक्टरीणबाई हात धुऊन सामान आवरत होत्या आणि ती बाई कुंपणाचा खांब धरून एकटीच उभी होती. निघताना तिनं विचारलं, "बाबा आले नाहीत ते?"

"त्यांना आताशा कंटाळा येतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तो कंटाळा नव्हता आणि मला ते माहीत होतं! गाडीला हॉर्न असतो, पण तो दुसऱ्यानं दाबावा लागतो. मी गप्प राहिले. ते गप्प राहणं अजून मला आतून खातं.

कारण त्याच आठवड्यात मी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुपारी डॉक्टरीणबाई दवाखान्यात पायी जायच्या आणि मी शेडमध्ये उभी असायची. बाबा हळूच यायचे. इकडेतिकडे बघून माझ्या डाव्या बाजूला बादली उपडी ठेवायचे, तिच्यावर चढायचे, माझ्या पत्र्याला हात टेकून पाय वर घ्यायचा प्रयत्न करायचे. एकेक दिवस तो पाय बोटभर जास्त वर जायचा, की त्यांच्या तोंडावर हसू यायचं. ते सराव करत होते, मित्रांनो, परीक्षेला बसणाऱ्या मुलासारखा. आणि एके दिवशी शेडमधल्या तेलकट फरशीवर बादली सरकली.

ते पडले. बराच वेळ माझ्या चाकाला पाठ टेकून बसून राहिले. मी चार इंच खाली वाकू शकले असते तर वाकले असते, जमिनीत गेले असते. तेवढ्यात त्यांनी माझ्या टायरवर थाप मारली. "तुझी काही चूक नाही गं," ते म्हणाले. मला वाटतं, त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग कसेबसे उठून त्यांनी फुटलेली बादली ताडपत्रीमागे लपवली. संध्याकाळी लेकीला सांगितलं, "बाथरूममध्ये पाय घसरला." तिनं कोपर शेकलं आणि बाथरूममध्ये नवी चटई आणून टाकली.

सुट्टीच्या दिवशी त्या मला धुवायला आल्या. बादली सापडेना. शोधत शोधत ताडपत्रीमागे गेल्या आणि तडकलेली बादली हातात घेऊन माझ्या डाव्या बाजूला आल्या. माझ्या अंगावर आठवड्याची धूळ होती. त्या धुळीत, दाराशेजारच्या पत्र्यावर, पंजाचे ठसे होते. एकावर एक, एकाशेजारी एक, काही खाली घसरत गेलेले. आणि प्रत्येक पंजाचं एक बोट वाकडं.

डॉक्टरीणबाईंच्या हातात बादली तशीच राहिली. त्यांनी आपला पंजा एका ठशावर ठेवून पाहिला. मग त्या तिथेच फरशीवर बसल्या, जिथे बाबा बसले होते, आणि त्यांना रडू आवरेना.

थोड्या वेळानं बाबा चहा घेऊन बाहेर आले आणि बादली बघून थबकले.

"किती वेळा पडलात, बाबा?"

"पडलो कुठे? एकदाच बसलो खाली."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू त्या दिवशी ओढ्यात रडलीस ना, ते मला बघवलं नव्हतं," बाबा म्हणाले. "माझ्या पायापायी आणखी एखादी गाय जायला नको."

"मिस्त्रीनं विचारलं होतं गाडीत कायम काय काय असतं. मी साखळ्या सांगितल्या, फावडंसुद्धा सांगितलं. तुम्ही मागेच उभे होतात."

"अगं, मी काय सामान आहे?" बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गॅरेजात. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "लोक दोनाचे चार करतात, तुम्ही चाराचे दोन करताय! आणि इंजिनात पाणी शिरण्याचाच त्रास होता, तर हवा ओढायचं नळकांडं छतापर्यंत वर घेतलं असतं तरी बरंच भागलं असतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही लिफ्ट किट मागितलंत, मी लिफ्ट किट दिलं," तो म्हणाला आणि सवयीनं विचारू लागला, "बरं, गाडीत कायम काय काय असतं?"

"बाबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग औषधांची पेटी."

बाबांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. मला दोन इंचांचं किट बसलं, जुनी चाकं परत आली, छतापर्यंत नळकांडं आलं आणि दाराशेजारी आत धरायला एक कडं आलं. पाय उचलताना बाबांना अजूनही दम लागतो, पण ते चढतात.

इथे गोष्ट संपली असती तर मीही सुटले असते. पण पुढच्याच महिन्यात त्याच गाईवाल्या बाईंचा फोन आला. त्यांची धाकटी गाय अडली होती. ओढ्याच्या मधोमध एक पांढरा दगड आहे, तो दिसला तरच पाण्यात उतरायचं असं आता ठरलं होतं; पोचलो तर तो दगड पाण्याखाली गेलेला. नळकांडं इंजिनाला वाचवतं, पण जोराचं पाणी गाडीलाच ढकलतं. चार इंचांवर आम्ही गेलो असतो. आता थांबणं भाग होतं.

आम्ही थांबलो. डॉक्टरीणबाई दगडावर डोळे लावून बसल्या, बाबा स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसले. दोघांनाही आपणच गुन्हेगार आहोत असं वाटत होतं, आणि तिसरी मी. दगडाचा माथा दिसला तशी मी पाण्यात उतरले. पोचेपर्यंत उशीर झाला होता. गाय वाचली, वासरू मेलेलं निघालं.

त्या बाईंजवळ बाबा बसले होते. या वेळी त्यांनी ट्रकची एकही हकिकत सांगितली नाही. ती रडली, मग तिनं मेलेल्या गाईची, त्या म्हातारीची गोष्ट सांगितली, ती दूध काढताना कशी शेपटीनं थोबाडीत मारायची ते, आणि सांगता सांगता जरा हसलीही. आम्ही निघालो तेव्हा ती धाकट्या गाईला चारा घालत होती.

परतीच्या वाटेवर पहिल्या फाटकाशी बाबा उतरले. फाटक उघडलं, मी बाहेर आले. सलाम नाही. बाबा फाटक धरूनच उभे राहिले.

"चिमे, वेळेत पोचलो असतो तर वासरू वाचलं असतं?"

"माहीत नाही, बाबा."

"डॉक्टरसारखं नको सांगूस. खरं सांग."

"कदाचित वाचलं असतं."

"मग गाडी परत वर घे. मी राहीन घरी. घरी काय कमी कामं आहेत?"

डॉक्टरीणबाईंनी बाहीनं डोळे पुसले. "मागच्या वेळी मी वेळेत पोचले होते. तरी गाय गेली, आणि ती बाई खांब धरून एकटी उभी होती. मला वाटलं, माझं काम झालं, आणि मी सामान आवरत बसले. आज तिच्याजवळ तुम्ही होतात." मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "फाटक लावा, बाबा. गुरं बाहेर येतील."

बाबांनी फाटक लावलं. कडी दोनदा हलवून बघितली. माझ्याजवळ येऊन कडं धरलं, पत्र्याला हात टेकला आणि दुसऱ्या झटक्यात वर आले. डॉक्टरीणबाई मला दर सुट्टीला धुतात, पण दाराशेजारचा तेवढा पत्रा सोडून.

ते वासरू माझ्या मनातून जात नाही, मित्रांनो. उंची किती असावी, हे मला आजही कुणी विचारलं तर छातीठोक उत्तर देता येणार नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुम्हालाही काही ना काही वर न्यायचं असेल, गाडी म्हणा, घर म्हणा, स्वतःला म्हणा. जरूर न्या. फक्त मोजायला बसाल आणि बोटांवर एकेक वस्तू सांगाल, तेव्हा एकदा मागे वळून बघा, चहाचा ग्लास हातात घेऊन कोण उभं आहे.